कूलर कोणत्या खोलीत होता?

ताई,

मी ४४ वर्षांचा, राहणार मानेवाडा. आमचं गाव काटोल तालुक्यात. दहावीनंतर पॉलिटेक्निकला नंबर लागला तेव्हा नागपूरला दादाकडे आलो. महाल भागात त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. बाहेरची खोली त्यांनी मला अभ्यासाला दिली. पुढे नोकरी लागून माझं लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिलो. संध्याकाळी गांधीबागेत एका दुकानात हिशेब लिहायला जायचो, परतायला अकरा वाजायचे. तरी वहिनी उठून गरम जेवायला वाढायच्या.

येत्या मार्गशीर्षात दादा-वहिनींच्या लग्नाला ३० वर्षं होतात. त्रिमूर्तीनगरात हॉल पाहिला आहे. गुरुवारी दुपारी कार्यक्रम, २०० पानं, शाल-श्रीफळ, मानपत्र, जुन्या फोटोंचा व्हिडिओ. वहिनींना सोन्याच्या पाटल्या द्यायच्या आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘कायले भाऊजी एवढा खर्च?’ आणि विषय बदलला. बायको म्हणते हॉल कॅन्सल करा. वहिनींना शुगर आहे, गुडघे दुखतात, दवाखान्यात बायकोच नेते, त्यामुळे त्यांच्याबाबतीत आपल्यालाच जास्त कळतं असं तिला वाटतं. समोर बसून काही बोलायचं म्हटलं तर माझा घसा कोरडा पडतो. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. पण वहिनींचे उपकार फेडायचे आहेत. कार्यक्रम करू की नको?

– एक दीर, मानेवाडा

(पत्र मोठं होतं, जागेसाठी कमी केलं आहे.)

भाऊ,

हॉल नको. का ते सांगते.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. छापताना मी जे गाळलं त्यात हॉलचं भाडं आहे, प्लेटचा रेट आहे, डेकोरेशनवाल्याशी झालेली घासाघीस आहे, मानपत्र कोणाकडून लिहून घ्यावं याची चर्चा आहे आणि पाहुण्यांची यादी आहे. वहिनींनी तुमच्यासाठी काय केलं, हे त्या चार पानांत दोन वाक्यांत संपतं. एक बाहेरच्या खोलीचं, एक गरम जेवणाचं. त्या दोन वाक्यांकडे मी येणारच आहे, पण आधी तुम्ही ठरवलेला दिवस जरा बघून घेऊ.

सत्कारमूर्ती वहिनी पहाटे चारला उठतील. काटोलहून मंडळी आदल्या रात्रीच येणार आणि उतरणार दादांकडेच, म्हणजे गाद्या, आंघोळीचं पाणी, चहाची दोन आधणं वहिनींच्याच माथी. तुम्ही पाटल्या देणार म्हटल्यावर नणंदांना निदान साड्या तरी नेसवायला हव्यात, हा हिशेब त्यांनी तुम्ही विषय काढला त्या क्षणीच मनात केला असेल. साड्या आल्या की फॉल-बिडिंग आलं, स्वतःचा ब्लाउज शिवायला टाकणं आलं. मग हॉलमध्ये त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्टेजवरच्या सोफ्यात बसतील, जो येईल त्याच्यासाठी उठतील, आणि भाषण चालू असताना मान वळवून बघत राहतील की गावाकडच्या म्हाताऱ्या जेवायला बसल्या की नाही. हे सगळं मार्गशीर्षातल्या गुरुवारी! भाऊ, वहिनी महालक्ष्मीचे गुरुवार धरतात का, हे तरी विचारलंत का? धरत असतील तर दुपारी २०० माणसं जेवून जातील आणि जिच्यासाठी जेवण ठेवलं ती संध्याकाळच्या पूजेपर्यंत उपाशी.

शेवटी लोक घरी जाताना काय बोलतील? ‘दिरानं बाकी खर्च केला.’ म्हणजे कौतुक कोणाचं झालं ते तुम्हीच बघा. तुमच्या मनात खोट नाही, हे पत्रातून स्वच्छ दिसतं. पण स्टेज, माइक आणि व्हिडिओवाला आला की प्रकाश देणाऱ्यावरच जास्त पडतो. नागपुरात शालींना काही तोटा नाही. घरोघरी कपाटांत घडी न मोडलेल्या शाली पडल्या आहेत.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे, म्हणून एक आठवण करून देते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. हळद-तुपाने बैलाचा खांदा शेकतात, कोणी तेल घेतं, कोणी पळसाच्या पानाने लावतं. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला सांगतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, तोरणाखाली उभं करणं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर. आदल्या संध्याकाळी मात्र गोठ्यात धनी आणि बैल दोघंच असतात, आणि हात नेमका तिथेच जातो जिथे वर्षभर जू बसलं. वहिनींची तुलना बैलाशी केली म्हणून रागावू नका, त्या शेतकऱ्याच्या सून आहेत, त्यांना राग येणार नाही. तुमचा हॉल, मानपत्र, पाटल्या ही सगळी झूल झाली. खांदा कुठे आहे ते तुम्ही अजून चाचपलेलंच नाही.

तर चाचपून बघू. दोन खोल्या होत्या. बाहेरची तुम्हाला दिली. मग लग्नाला दीड वर्ष झालेले नवरा-बायको कुठे झोपत होते?

आत, स्वयंपाकघरात. दुसरी जागाच नाही. महालातल्या जुन्या वाड्यांतल्या भाड्याच्या खोल्या मी बघितल्या आहेत. आतल्या खोलीला खिडकी असलीच तर ती शेजारच्या भिंतीशी बोलते. एका कोपऱ्यात मोरी, एकीकडे ओटा, ओट्याखाली डबे आणि रॉकेलची कॅन, उरलेल्या पट्ट्यात दोन गाद्या. नागपूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू! दिवसा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रात्री बारा वाजता भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्यात संध्याकाळच्या पोळ्यांनी तापलेली खोली. त्या काळी दादांच्या पगारात कूलर असला तर एकच असणार. कूलर बसतो खिडकीत, आणि खिडकी असते रस्त्याच्या बाजूला, बाहेरच्या खोलीला.

आठवा बरं, कूलर कोणत्या खोलीत होता?

मी अंदाज बांधते आहे, खरं काय ते तुम्हाला ठाऊक. पण अंदाज बरोबर असेल तर आणखी एक आठवून बघा. त्या कूलरमध्ये पाणी कोण भरत होतं? उन्हाळ्यात तो दिवसाला बादल्यांमागून बादल्या पितो. दादा नोकरीवर, तुम्ही सायकल मारत सदरला कॉलेजात, तिथून गांधीबागेत. नळाच्या वेळेला घरी कोण होतं? तुम्ही रात्री अकराला घामाघूम होऊन यायचात तेव्हा टाकी भरलेली असायची, ताट्या ओल्या असायच्या आणि वाळ्याचा वास यायचा. हे आपोआप होत नसतं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. नव्या लग्नात नवरा-बायकोला दोन शब्द मोकळं बोलायला, अगदी भांडायलाही एक दार लागतं. त्या दोन खोल्यांच्या मध्ये बहुतेक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे तुम्ही ड्रॉइंग बोर्डवर शीट काढत रात्री एकपर्यंत जागे. पलीकडे एक विशी-बाविशीची मुलगी कुजबुजत संसार करते आहे. पडद्याचा तो संसार तुमचं लग्न होईपर्यंत चालला. गरम जेवण वाढणं त्यामानाने सोपं काम. जू बसलं ते इथे.

आता तुमच्या कोरड्या घशाकडे येते. तुमच्या एकट्याचंच असं होतं असं नाही. चिडायला, ओरडायला आपल्याकडे मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची अख्खी मिरवणूक आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं आपण महाल-इतवारीच्या रस्त्यांवर घसा फोडून इडा-पीडा घालवतो आहोत. पण घरच्या माणसाला चार चांगले शब्द सांगायचे म्हटलं की सगळ्यांनाच ठसका लागतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना त्यांनी कृतज्ञतेची पत्रं पाठवायला लावली. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल, याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज फारच वर गेला आणि त्याला किती आनंद होईल, याचा अंदाज खाली राहिला. लिहिणाऱ्यांना चिंता होती आपले शब्द बरोबर जमतील का याची. वाचणाऱ्यांचं लक्ष शब्दांपेक्षा त्यातल्या मायेकडे होतं. प्रयोग अमेरिकेतला आहे, पण वहिनींच्या बाबतीत मी तोच अंदाज धरून चालेन.

बोलायचं कसं? समोरासमोर खुर्च्या मांडून बसू नका, त्यांना वाटेल घरात काहीतरी वाईट घडलंय. त्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत असतील तर तुम्हीही एक जुडी ओढून घ्या. हात कामात असले, नजर खाली असली की बोलणं सोपं जातं. आणि मानपत्राची भाषा नको. ‘तुम्ही मला आईसारख्या’, ‘तुमचे उपकार’, ‘सात जन्म’ हे शब्द आले की वहिनी पदराआड हसतील नाहीतर रडतील, दोन्हीत तुमचं सांगायचं राहून जाईल. घरी बोलता तसंच बोला: ‘वहिनी, कूलर माझ्या खोलीत होता. तुम्ही आन् दादा आत ओट्यापाशी झोपत होते. मले तेव्हा समजलंच नाही.’ एवढं बोलून थांबा. मुलांना मोठं करणं, मार्कशीट, नोकरी, पाया पडणं यातलं काहीही त्याला जोडू नका.

त्या काय म्हणतील तेही सांगून ठेवते. ‘जाऊ द्या ना भाऊजी, काय घेऊन बसले.’ मग उठून चहा ठेवतील. त्याला नकार समजू नका आणि ‘नाही वहिनी, ऐकून तरी घ्या’ म्हणत मागेही लागू नका. तुमचं पोचलेलं असतं.

पण दुसरंही होऊ शकतं, आणि त्याची तयारी ठेवा. इतक्या वर्षांनी कोणीतरी ती खोली उघडली म्हटल्यावर आतलं काय काय बाहेर येईल, सांगता येत नाही. कदाचित वहिनींना शिवणाचा क्लास लावायचा होता आणि तुमच्या फीमुळे राहिला असेल. कदाचित एखाद्या दिवाळीला त्यांना माहेरी जाऊ दिलं नसेल. कदाचित तुम्हीच काही तोडून बोलला असाल, जे तुम्हाला आठवत नाही आणि त्यांना तारखेसकट आठवतं. असं काही निघालं तर दादांची वकिली करू नका, ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ हेही म्हणू नका. परिस्थिती कशी होती ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऐका. आभार मानायला गेलात आणि गाऱ्हाणं ऐकून आलात, तर मी म्हणेन काम झालं.

तोंडाने जमतच नसेल तर एक पान लिहा, हाताने, आणि स्वतः नेऊन द्या. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथे तीस जणांचे हात जोडलेले इमोजी येतील आणि वहिनींना त्या तीस जणांना उत्तर देत बसावं लागेल. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असंच पत्र लिहून, प्रत्यक्ष भेटून द्यायला सांगितलं होतं. देणाऱ्यांना त्याने खूप बरं वाटलं. ते बरं वाटणं महिनाभर टिकलं आणि पुढे ओसरलं. मला त्यात नवल वाटत नाही. एकदा बोलून वर्षभर पुरत नाही, खांदशेकणीसुद्धा दरवर्षी असते.

म्हणून दरवर्षीचं एक काम अंगावर घ्या. चैत्र लागला की एका रविवारी सकाळी दादांकडे जा. माळ्यावरचा कूलर उतरवा. जुन्या ताट्या काढून नव्या बसवा, टाकीच्या तळाचा क्षार घासून काढा, वरच्या पाइपची बुजलेली भोकं सुईने मोकळी करा, पंप लावून पाणी चारी बाजूंनी सारखं उतरतं का ते बघा. मिस्त्रीला फोन करून पैसे देणं वेगळं आणि स्वतः बाही सरसावून बसणं वेगळं. वहिनींना दोन्हींतला फरक कळेल. त्यांच्याकडे आता एसी असेल, तर जे ओझं आज त्यांच्यावर आहे ते शोधा. काय आहे ते तुमच्या बायकोला विचारा.

बायकोवरून आठवलं. चार पानांत तिचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही तक्रारीच्या सुरात. वहिनींना दवाखान्यात नेणारी, रिपोर्टांची फाईल सांभाळणारी बाई तुमच्याच घरात राहते. जावेचे गुडघे दुखतात म्हणून ती हॉलला नको म्हणत होती. तुम्हाला वाटलं ती मोडता घालते आहे. वहिनींनी दिलेल्या खोलीचा अर्थ तुम्हाला लागायला बरीच वर्षं गेली. हिच्या बाबतीत एवढा उशीर परवडणार नाही. आज रात्रीच सांगा की तुझं बरोबर होतं. हे वाक्य पुरुषांना जड जातं, पण लहान आहे.

दादांना वेगळं गाठा. वहिनींसमोर दोघांना एकदम काही बोलायला गेलात तर दादा विषय क्रिकेटवर नेतील. सकाळी तर्री पोहे खायला घेऊन जा. टपरीवर उभ्याने पोहे खाताना एकमेकांकडे बघावं लागत नाही आणि डोळ्यांत पाणी आलं तर तर्रीवर ढकलता येतं.

पाटल्या द्यायच्या तर द्या, माझी काही हरकत नाही. बाईमाणसाकडे चार गुंज सोनं स्वतःचं असावं, या मताची मी आहे. फक्त ते स्टेजवर देऊ नका, आणि ‘फेडतो आहे’ म्हणून तर मुळीच देऊ नका. फेडायचं असतं ते बँकेचं. ज्या बाईने कधी हिशेब ठेवला नाही, तिच्यापुढे आकडा मांडला तर तिला ते कमीपणाचं वाटतं. ‘कायले भाऊजी एवढा खर्च’ यामागे मला तेही ऐकू येतं.

राहिला लग्नाचा वाढदिवस. तो तुमच्या मानेवाड्याच्या घरी करा, म्हणजे यजमानपण वहिनींच्या गळ्यात पडणार नाही. गुरुवार धरत असतील तर रविवारी करा. वीस-पंचवीस माणसं पुष्कळ. वडाभात, कढी आणि पुडाची वडी सांगून आणा, घरात घाट घालू नका. वाढप पुरुषांनी करायचं, मुलांनी पाणी द्यायचं. वहिनी तरीही स्वयंपाकघरात शिरायला बघतील, तेव्हा दाराशी एखादी ठाम नणंद बसवून ठेवा. आणि तुमची पाहुण्यांची यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात काका आहेत, मामा आहेत, तुमच्या ऑफिसचं अख्खं डिपार्टमेंट आहे. वहिनींच्या माहेरचं एकही नाव नाही. कोणाला बोलवायचं ते या वेळी त्यांना विचारून ठरवा, आणि त्या सांगतील ती नावं सगळ्यात आधी लिहा.

हॉलवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर मिळतो तेवढा परत घ्या. नाहीच मिळाला तर गेला म्हणा, त्यासाठी कार्यक्रम रेटू नका.

सांगायचं ते सांगायला मात्र मार्गशीर्षाची वाट बघायची काही गरज नाही. या रविवारीच जा. चारनंतर जा, वहिनींची दुपारची झोप झालेली असेल. जाताना संत्रा बर्फीचा डबा घेऊन जाऊ नका, त्यांना शुगर आहे असं तुम्हीच लिहिलंय.